घराची किल्ली देण्याआधी गिझरचा कागद द्या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घर विकणाऱ्या, घेणाऱ्या आणि भाड्यानं देणाऱ्या सर्वांना तातडीचं आवाहन

ज्यांच्या बाथरूमच्या आत गॅस गिझर टांगलेला आहे, त्यांनी हे पत्र पुरं वाचायलाही थांबू नये. उठा आणि बाथरूमची खिडकी बघून या. थंडी आत येते म्हणून तिला पुठ्ठा, थर्माकोल किंवा प्लास्टिकचा कागद लावला असेल तर तो आधी ओढून काढा. मग परत येऊन बसा. बाकीचं सांगायला मला वेळ आहे.

मी लेखक नाही. आपल्याच भागातल्या एका साखर कारखान्यात एकतीस हंगाम बॉयलरवर काढले. आधी बगॅस ओढणारा पोऱ्या होतो, मग परीक्षा देऊन द्वितीय श्रेणीचा बॉयलर अटेंडंट झालो, मग प्रथम श्रेणीचा. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. माळेगाव घ्या, सोमेश्वर घ्या, भवानीनगरचा छत्रपती घ्या, इंदापूरचा कर्मयोगी किंवा नीरा-भीमा घ्या, बॉयलर हाऊसमधली शिस्त सगळीकडे एकच. दसऱ्याच्या आगेमागे अग्निप्रदीपन होतं, चेअरमन-संचालक सपत्नीक पूजेला बसतात, पेपरात फोटो येतो. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्याआधी येऊन गेलेला बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक. तो ड्रमच्या आत शिरतो, ट्यूबा बघतो, पाण्याचा दाब चढवून चाचणी घेतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो का ते पाहतो. त्याची सही झाल्याशिवाय चेअरमनच काय, मुख्यमंत्री आले तरी आत जाळ पेटत नाही. ते प्रमाणपत्र साधारण वर्षभराचं. पुढच्या हंगामाला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

एखादी ट्यूब फुटली आणि बदलायची वेळ आली तर बाजारातून नळी आणून ठोकली, असं चालत नाही. नळीला तिचं स्वतःचं प्रमाणपत्र लागतं, वेल्डिंग करणाऱ्यालाही लागतं. आणि या पत्राचा सगळा जीव ज्यात आहे ते कलम असं की बॉयलर एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर मुदतीतलं प्रमाणपत्र नव्या मालकाच्या हातात देणं जुन्या मालकावर बंधनकारक. 1923 च्या बॉयलर कायद्यातच हे लिहिलेलं होतं. तो कायदा तरी कुणाला आपोआप सुचला नव्हता. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, त्यानंतर 1864 साली बंगालात पहिला कायदा झाला. 1923 चा कायदा देशभर शंभर वर्षं चालला, 2025 साली त्याच्या जागी नवा आला. म्हणजे कागद मागायची सवय आपल्याला माणसं गमावूनच लागली आहे.

पण पंचवीस लिटरच्या आतली भांडी या कायद्यात धरलेलीच नव्हती. तुमच्या बाथरूममधला सहा लिटरवाला गिझर बॉयलर कायद्यात येतच नाही. तो कोणी बसवला, कधी बसवला, आधीचा काढून हा कुठून आणला, हे घर विकताना कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

आपल्याकडे घर घेताना आपण काय काय बघतो? सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, वकिलाचा शोध अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना-हरकत, लाइट बिल, घरपट्टीची पावती. मुद्रांक शुल्काचा हिशेब पैशापर्यंत करतो. दुय्यम निबंधकाकडे अंगठा लावून झाला की पेढे. मग विकणारा मोठ्या मनानं म्हणतो, "गिझर, पंखे, पडद्यांचे रॉड तुम्हालाच सोडले बरं का." आपण त्याचे आभार मानतो.

माझ्या मुलीनं बारामतीत असाच एक जुना फ्लॅट घेतला. पाडव्याला ताबा, दिवाळीपर्यंत रंगरंगोटी, असा बेत होता. बाथरूममध्ये गिझर चकचकीत होता. विकणारे म्हणाले, आत्ताच बदललाय, नवाच आहे. मी स्वतः त्या बाथरूममध्ये उभा राहिलो होतो. एकतीस वर्षं जाळ आणि धुराशी ज्याचा संसार झाला, त्या माणसानं नळ सोडून पाहिला, पाणी दणदणीत तापतं म्हणून मान हलवली आणि बाहेर आला. धूर जातो कुठून, हे मी विचारलं नाही. मला त्याची आजही शरम वाटते.

नरक चतुर्दशीला पहाटे एकामागून एक अभ्यंगस्नानं सुरू झाली. चौथा नंबर नातीचा. डोक्यावरून अंघोळ, उटणं, त्यामुळं वेळ लागणारच, म्हणून कोणी हाक मारली नाही. पाणी वाहत होतं आणि आतून आवाज येत नव्हता, हे आधी माझ्या बायकोच्या कानानं टिपलं. दार तोडलं. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला. व्हरांड्यात आणल्यावर उलटी केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी डोळे उघडले. दवाखान्यात पहिला अंदाज निघाला पित्ताचा. दुसरा निघाला फिटचा. बोटाला चिमटा लावला, त्यानं ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवला, सगळे निश्चिंत झाले. एका तरुण डॉक्टरबाईंनीच विचारलं, "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?" आणि लगेच मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. नात वाचली. आठवडाभर डोकं धरून बसायची, एवढंच.

दुपारी घरी येऊन मी गिझर उतरवला आणि मागं वळून पाहिला. पुण्यात पाइपलाइनचा गॅस आहे, तिथल्या कुठल्यातरी घरातून निघालेला हा जुना गिझर होता. वरचं पत्र्याचं कवच नवं, आतला सांगाडा जुना. पाइपलाइनच्या गॅससाठी बर्नरच्या जेटचं भोक मोठं असतं, कारण त्या गॅसमध्ये घनफळामागं उष्णता कमी. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला की जाळ गरजेपेक्षा कितीतरी जास्त खातो, त्याला हवा पुरत नाही आणि तो निळा न राहता पिवळा होतो. वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी साचली होती. आतल्या नळीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता. नीरा कालव्याखालच्या पट्ट्यात पाणी किती क्षाराचं आहे हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. नळीत थर, पात्यांवर काजळी, हवा यायला वाट नाही. बॉयलर हाऊसमध्ये अशी अवस्था पाहिली असती तर मी तिथल्या तिथे जाळ काढला असता.

विकणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्यानं कुणा फिटरला "स्वस्तात बदलून दे" सांगितलं होतं. फिटरनं बदलून दिलं. कागद कुणीच कुणाला दिला नाही.

आता थोडं गणित, कारण गणिताशिवाय आपल्या लोकांना भीती पटत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोठ्या शेगडीच्या चौपट-पाचपट जाळ. एक किलो गॅस पुरता जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आपलं बाथरूम पाच फूट बाय सात फूट, उंची आठ. त्यात हवा जेमतेम आठ घनमीटर. पाव तास गिझर चालला की खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जाळानं खाल्ला. उरलेल्या हवेत जळालेला वायू मिसळलेला, आणि तुम्ही त्यातच श्वास घेताय. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचूर नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण कंपन्या मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळतात. ते द्रव्यही जाळात जळून जातं. म्हणून "वास आला तर कळेलच की" हे म्हणणं इथं उपयोगाचं नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड, मग मळमळ, मग पायांत बळ नाही. कडीपर्यंत हात पोचत नाही तो याच पायरीला. बोटाच्या चिमट्याला हा वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला सारखीच लाल. नातीचे सत्त्याण्णव ते असे.

जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब असायचा. त्याच्या पोटातून नळकांडं वर निघायचं, बंब अंगणात किंवा पडवीत ठेवायचे आणि पाणी बादलीनं न्हाणीत न्यायचं. पाचट, काटक्या, गोवऱ्या काहीही घातलं तरी धूर बाहेर. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण बंब न्हाणीच्या आत कुणी ठेवला नाही. (बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी मात्र ठेवली, आणि तिथं माणसं गेली. तो वेगळा विषय, पण वायू तोच.) आपण काय केलं? बंब भिंतीवर टांगला, नळकांडं काढून टाकलं, दार लावून कडी घातली.

हे एकट्या माझ्या घरचं नाही. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची मुलगी अंघोळीला गेली, तासभर बाहेर आली नाही. दार तोडून काढली, काही दिवसांनी रुग्णालयात गेली. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, संशय गिझरच्या वायूवर गेला. त्याच होळीला दिल्लीजवळच्या गाझियाबाद जिल्ह्यातही एक जोडपं असंच गेलं. दिवाळी आणि होळी-रंगपंचमी, या दोन सणांना हा धोका का वाढतो ते उघड आहे. दिवाळीला घरातली सगळी माणसं लागोपाठ न्हातात आणि हवा बदलायला मध्ये वेळच मिळत नाही. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण आपण लगेच पुन्हा चालू करतो. रंग निघेपर्यंतची अंघोळ तर अर्धा-अर्धा तास. तिसरा धोका घरात तान्हं मूल असतं तेव्हा. बाळाला वारा लागेल म्हणून फटसुद्धा ठेवत नाहीत.

माझा एक पुतण्या इंग्लंडात असतो. मागं त्यानं तिथलं घर विकलं. तिकडच्या घरात भिंतीवर बॉयलर असतो, अंघोळीलाही तोच आणि खोल्या गरम ठेवायलाही तोच. घेणाऱ्याच्या वकिलानं पहिल्याच आठवड्यात प्रश्नावली पाठवली: बॉयलर कधी बसवला? 1 एप्रिल 2005 नंतरचा असेल तर पूर्तता प्रमाणपत्र जोडा. तिथं गॅसचं काम सरकारमान्य यादीतला माणूसच करतो. ती यादी पूर्वी कॉर्गी नावानं ओळखली जायची, 2009 पासून तिचं नाव गॅस सेफ रजिस्टर. बॉयलर बदलला की त्यानं ते कळवायचं आणि मालकाच्या नावानं कागद निघतो. पुतण्याचा कागद सापडेना, म्हणून व्यवहार तीन आठवडे अडला. तो फोनवर वैतागून म्हणाला, "काका, एका बॉयलरसाठी घर अडवून धरलंय या लोकांनी." मी म्हटलं, बरं केलं. घर भाड्यानं द्यायचं तर तिथं दर वर्षी तपासणी आणि तिची प्रत भाडेकरूच्या हातात. आपल्याकडं विद्यानगरीच्या आसपास, एमआयडीसीत, तांदूळवाडी-जळोचीकडे, भिगवणला, खोली-खोलीत चार-चार पोरं राहतात. त्यांच्या भाडेकरारात पंखे मोजलेले असतात, ट्यूबलाइट मोजलेल्या असतात. गिझरच्या धुराबद्दल एक ओळ नसते.

आपल्याकडं असा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर हातात असलेलंही थोडकं नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. भिंतीवरचा गिझर यात बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. घालू द्यात. मी म्हणतो, वाद कोर्टात कशाला न्यायचा? इसारपावतीतच एक परिच्छेद वाढवा. स्टँप वाढत नाही, फी वाढत नाही. नोंदणीला काही अडथळा येत नाही. असं लिहा:

"या घरात गॅसवर चालणारा गिझर आहे. कंपनी अमुक. तो अमुक साली अमुक दुकानातून घेतला, बसवणाऱ्याचं नाव अमुक, पावती सोबत. आधीचा गिझर काढून हा बसवला असल्यास बदलल्याची तारीख अमुक. त्यावर आयएसआय खूण आहे/नाही, परवाना क्रमांक अमुक. गिझर बाथरूमच्या आत/बाहेर आहे. जळालेला वायू घराबाहेर नेणारी नळी आहे/नाही. शेवटची साफसफाई व तपासणी अमुक तारखेला अमुक यांनी केली. पावती नसल्यास विकणाऱ्यानं ताब्याआधी गिझर काढून न्यावा."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पावती नाही, तर भेटही नको. घेणाऱ्यानं हात जोडून सांगावं की तुमचा गिझर तुम्ही न्या. आणि विकणाऱ्यानं तो तिसऱ्याच्या गळ्यात घालू नये, भंगारात द्यावा, देण्याआधी बर्नर ठोकून वाकवावा. नाहीतर तोच गिझर नवा पत्रा लावून पुन्हा तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये येईल.

आयएसआयची खूण बघताना डोळे उघडे ठेवा. सिलिंडरच्या गॅसवर चालणाऱ्या घरगुती गिझरचं भारतीय मानक आयएस 15558. हा आकडा खुणेच्या वर छापलेला असतो, आणि खाली सीएम/एल अशी अक्षरं व परवान्याचा क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोचं बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे. त्यात तो क्रमांक घाला. कंपनीचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही, सगळं समोर येतं. नुसता स्टिकर कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात निघतो, क्रमांक खोटा असेल तर तो तिथं उघडा पडतो. गॅसच्या नळीलाही मानक आहे, आयएस 9573, आणि नळीवर मुदतीचं साल छापलेलं असतं. शेगडीच्या नळीला मधे टी घालून गिझर जोडला असेल तर ते काम ज्यानं केलं त्याला पुन्हा घरात घेऊ नका. गॅस एजन्सीचा माणूस पाच वर्षांतून एकदा तपासणीला येतो, तेव्हा त्याला स्वयंपाकघरातूनच परत पाठवू नका, बाथरूमपर्यंत न्या.

मात्र आयएसआयचा गिझर म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. उत्तम, नवा, पक्क्या बिलाचा गिझर खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये बसवला तरी माणूस मरतो. यंत्र चांगलं आहे हे खूण सांगते, जागा चांगली आहे हे सांगत नाही. गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला. गरम पाण्याची नळी आत न्या, जाळ आत नेऊ नका. प्लंबरचा खर्च एका दिवसाच्या मजुरीचा आणि थोड्या पाइपचा. तेवढं होईपर्यंत एकच पद्धत: दार सताड उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, रेग्युलेटर बंद करा, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, मग आत जा. मोठ्या माणसांना हे बालिश वाटतं. वाटू द्या.

विजेच्या गिझरवाल्यांनी हसू नये. त्यांना धुराचा धोका नाही, पण खेड्यात अर्थिंग म्हणजे सॉकेटातलं तिसरं भोक एवढंच उरलंय. त्यांनी विजेच्या परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्यावी आणि त्याची चिठ्ठीही घराबरोबर द्यावी. सोलरवाल्यांना तूर्त माझं काही म्हणणं नाही.

आता काही जणांना थेट विनंती.

वकील आणि दस्तलेखक मंडळी, तुमच्या संगणकात इसारपावतीचा जो ठरलेला मसुदा आहे, त्यात वरचा परिच्छेद आजच टाका. एकदा टाकला की तो आपोआप शेकडो घरांत जाईल. एजंटांनी फ्लॅट दाखवताना बाथरूमचा दिवा लावून फक्त टाइल दाखवू नयेत. बिल्डरांनी गिझरचा पॉइंट बाथरूमच्या आत काढणं बंद करावं. घराच्या कामात किंवा सोयींत दोष निघाला तर ताब्यानंतर पाच वर्षं तुमची जबाबदारी, हे रेरा कायद्यानं तुमच्यावर घातलेलंच आहे. बारामती नगरपरिषद 1865 ची, राज्यातल्या जुन्या नगरपरिषदांपैकी एक. भोगवटा प्रमाणपत्र देताना बाथरूमला थेट बाहेरची हवा आहे का आणि गॅस गिझरची जागा बाहेर आहे का, एवढी नोंद त्यांनी आणि इंदापूर नगरपरिषदेनं घ्यावी. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना तर काही परवानगीही लागत नाही. ना-हरकत देताना गिझरची चिठ्ठी मागा.

इंदापूरकरांना एक जास्तीचं सांगतो. तुमच्या तालुक्यात वालचंदनगर आहे. तिथं साखर कारखान्यांचे बॉयलर बनतात, इस्रोच्या रॉकेटची मोटार कवचं बनतात. एक-एक वेल्ड क्ष-किरणांखाली तपासणारी माणसं तुमच्या घरात, तुमच्या भावकीत आहेत. त्यांनी आपापल्या वाडीवस्तीवर एक रविवार काढला तर किती बाथरूमं बघून होतील! बारामतीच्या कारखान्यांतल्या माझ्या जुन्या बॉयलरवाल्यांनाही तीच हाक. हंगाम सुरू झाल्यावर आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून आत्ता, अग्निप्रदीपनाच्या आधी. पिवळा जाळ आणि काजळी ओळखायला आपल्याला कुणाचं प्रशिक्षण नको. फक्त एक पाळा: तपासायला म्हणून गेलात तरी गिझर चालू करून बंद बाथरूममध्ये उभे राहू नका.

डॉक्टरांना शिकवायची माझी पात्रता नाही. तरी हात जोडून एवढंच. अंघोळीहून काढलेला पेशंट आला, फिट आली म्हणाले, पित्त झालं म्हणाले, उपवास होता म्हणाले, तरी घरात गिझर कुठला हे आधी विचारा आणि बोटाच्या चिमट्यावर जाऊ नका. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी खेड्यांतल्या शिबिरांत साखर आणि बीपी तपासता तपासता हा एक प्रश्न विचारावा, ही माझी इच्छा.

आणि प्रसंग आलाच तर. आतून उत्तर येत नाही म्हटल्यावर दुसरी हाक मारत बसू नका, दार तोडा. बाथरूमच्या दाराची कडी बाहेरूनही निघेल अशी आजच बसवून घ्या, म्हणजे तोडायची वेळ येणार नाही. दार उघडल्यावर एकदम आत धावू नका. सोडवायला गेलेला दुसराही पडतो, विहिरीत पडतात तसा. श्वास रोखा, माणसाला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग रेग्युलेटर बंद करा, सगळी दारं-खिडक्या उघडा. 108 ला फोन करा आणि फोनवरच सांगा की गिझरचा वायू आहे, ऑक्सिजन लागेल. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, पाणी पाजणं असलं काही नको. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तो तास-दीड तासात उतरतो. त्याच वेळी घरातली बाकीची माणसंही मोजा, कुणाचं डोकं दुखतंय का विचारा. गॅस गळतीचा वास येत असेल तर विजेचं बटण दाबू नका, बाहेर येऊन 1906 ला कळवा.

मुलीच्या फ्लॅटमधला तो गिझर मी भंगारातही दिला नाही. माझ्या पडवीत खिळ्याला टांगलाय. घर घ्यायचं ठरवलेलं कुणी भेटायला आलं तर आधी तो उतरवून त्याची मागची बाजू दाखवतो, मग चहा. या दिवाळीत तुमचा व्यवहार ठरला असेल तर सही करायच्या आधी येऊन बघून जा. इसारपावतीत घालायच्या त्या परिच्छेदाच्या झेरॉक्स प्रती तिथंच ठेवल्या आहेत.